बोर्ड सहसा मेलेला नसतो

लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून आर्डुइनो नॅनोचा स्वस्त बोर्ड आणलेला असतो. घरी येऊन पहिला प्रोग्रॅम अपलोड करायला घ्यावा, तर संगणकाच्या पडद्यावर ‘नॉट इन सिंक’ अशी ओळ एकाखाली एक दहा वेळा उमटते. शिकणारा घाबरतो आणि बोर्ड जळाला असं समजून तो खणात टाकून देतो. असे कितीतरी धडधाकट बोर्ड विनाकारण बाद होतात.

त्या ओळीचा अर्थ एवढाच, की संगणकाने हाक मारली आणि समजेल असं उत्तर आलं नाही. गप्प कोण राहिलं, ते ती सांगत नाही. नॅनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश मेमरी असते आणि तिच्या शेवटच्या कोपऱ्यात बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. अपलोड सुरू झालं की संगणक यूएसबीमार्गे चिपला क्षणभर रीसेट करतो. बूटलोडर जागा होतो आणि थोडाच वेळ, सेकंदाच्या आसपास, कान देऊन थांबतो. तेवढ्यात ओळखीची हाक आली तर नवा प्रोग्रॅम लिहून घेतो. नाही आली, तर जुनाच प्रोग्रॅम पुन्हा सुरू होतो.

म्हणून शोध केबलपासून सुरू करावा. मोबाइल चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या काही केबलींत फक्त विजेच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. बोर्डावरचा दिवा छान लागतो आणि माणूस फसतो. संगणकाच्या यादीत पोर्टच दिसत नसेल, तर आधी केबल बदलून पाहावी.

केबल चांगली असूनही पोर्ट दिसत नसेल, तर ड्रायव्हर पाहायचा. स्वस्त नॅनोवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही चिनी चिप असते आणि विंडोजवर काही वेळा तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. उबुंटू २२.०४ वर तर वेगळाच गोंधळ झाला. अंधांच्या ब्रेल यंत्रांसाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्रॅम सीएच३४० दिसताच तिला ब्रेल यंत्र समजून पोर्ट बळकावत असे, कारण दोन्हींची यूएसबी ओळख एकच होती.

पोर्ट दिसतो, तरीही ‘नॉट इन सिंक’? नॅनोच्या बाबतीत मग संशय बूटलोडरवर. २०१८ पासून आर्डुइनोने नॅनोवर नवा बूटलोडर द्यायला सुरुवात केली. तो १,१५,२०० बॉड वेगाने बोलतो, जुना ५७,६०० ने. बाजारातल्या अनेक नकलांवर आजही जुनाच असतो. आर्डुइनोच्या मेनूत प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडलं, की कालपर्यंत मुका वाटणारा बोर्ड निमूट प्रोग्रॅम घेतो. शून्य आणि एक क्रमांकाच्या पिनांना ब्लूटूथ मॉड्यूल जोडलेलं असेल, तर तेही आधी काढावं. अपलोड त्याच दोन पिनांवरून होतं.

एवढं करूनही जमलं नाही, तर एक सुंदर चाचणी आहे. बोर्डावरचं बाकी सगळं काढा, रीसेट पिन ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप झोपून राहील. आता शून्य आणि एक या दोन पिना एकमेकींना जोडा. सीरियल मॉनिटर उघडून काहीही टाइप करून पाठवा. टाइप केलेलं तसंच परत पडद्यावर आलं, तर केबल, ड्रायव्हर, पोर्ट आणि यूएसबी चिप, सगळे निर्दोष. दोष पुढच्या अर्ध्या भागात आहे. काहीच परत आलं नाही, तर मुख्य चिपला बोल लावायचं कारण नाही. एका तुकडाभर तारेत निम्मा शोध संपतो. शाळांतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये दिवा लुकलुकवण्याच्या धड्यानंतर लगेच हीच चाचणी शिकवायला हवी.

ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डाची तऱ्हा निराळी. त्याचा पहिला लोडर चिपच्या रॉममध्येच कोरलेला असतो, चुकीच्या प्रोग्रॅमने तो पुसला जात नाही. रीसेटच्या क्षणी जीपीआयओ शून्य ही पिन खाली ओढलेली, म्हणजे ग्राउंडला जोडलेली असली, की तो प्रोग्रॅम घ्यायला तयार होतो. हे आपोआप झालं नाही, तर पडद्यावर ‘कनेक्टिंग’ आणि ठिपके दिसत असताना बूट बटण दाबून धरायचं. बारा क्रमांकाच्या पिनेला मात्र जपावं. सुरू होताना ती वर ओढलेली राहिली, तर अनेक बोर्डांवर फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट मिळतात आणि बोर्ड सुरूच होत नाही. तिथे सेन्सर जोडलेला असेल, तर तो काढला की पुन्हा सगळं ठीक.

नॅनोचा बूटलोडर खरोखरच पुसला गेला असेल, तरीही उपाय आहे. दुसऱ्या एका बोर्डावर, म्हणजे आर्डुइनो उनोवर, ‘आर्डुइनो आयएसपी’ हा तयार प्रोग्रॅम टाकायचा. मग नॅनोच्या सहा पिनांच्या जोडणीला तारा लावून मेनूतून ‘बर्न बूटलोडर’ द्यायचं. ‘बर्न बूटलोडर’ देण्याआधी, पण उनोवर तो प्रोग्रॅम टाकून झाल्यावर, उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, ऋण टोक ग्राउंडकडे. नाहीतर मधेच उनोच रीसेट होतो आणि पडद्यावर पुन्हा तीच ‘नॉट इन सिंक’ची ओळ येते.