पदरानं ही धूळ अडत नाही

द्राक्षाचा हंगाम उरकला की आपल्या पिंपळगावातल्या कितीतरी बाया बांधकामावर जातात. मीही घमेली उचललीत. नाकाला पदर बांधला की झालं, असंच तेव्हा वाटायचं.

पण डोळ्यांना दिसते ती जाड धूळ. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ दिसतही नाही. ती पदरातून थेट फुप्फुसात जाते आणि तिथंच राहते. वर्षानुवर्षं ती साचली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, वर टीबीचा धोका वाढतो.

कोरडा माल कालवताना खूप धूळ उडते. म्हणून आधी वाळूवर पाणी शिंपडा. मिस्त्री म्हणेल, "गोळे होतील." चिंब करायचीच नाही, मुठीत ओलसर लागली की पुरे. पुढच्या पाण्यात तेवढं कमी घाला. सिमेंटची गोणी उंचावरून ओतू नका. वाळूवर आडवी ठेवून चिरा आणि अलगद ओढून घ्या. वारा पाठीवर घ्या. रिकामी गोणी झटकू नका, ही सवय मला फार उशिरा सुटली! लेकराची झोळी लांब बांधा, वारा येतो त्या बाजूला.

मास्क एन-९५ चा हवा, नाकाशी घट्ट बसणारा. तो ठेकेदाराकडे मागा, एकटीनं नाही, चौघी मिळून.

खोकला २ आठवडे टिकला तर सरकारी दवाखाना गाठा. बांधकामावर काम करते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि वर्षात ९० दिवस काम भरलं असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. दिवस वहीत लिहून ठेवा, दाखला मागताना लागतात.