पंधरा कप आणि अळणी भाजी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मुलांना आधी एक कोडं घालतो. एका मुलाने दार उघडलं. दारामागे पंधरा कप होते, त्याला माहीत नव्हतं, सगळे फुटले. दुसरा आई घरात नसताना चोरून मुरांबा काढायला गेला, त्याच्या हातून एकच कप फुटला. जास्त वाईट कोण वागलं?

ज्याँ पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञांनी मुलांना हेच विचारलं आणि १९३२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. लहानग्यांपैकी बरेच जण म्हणाले, पंधरा फोडणारा! नऊ-दहा वर्षांची मुलं मात्र हेतू बघायला लागली होती.

पण हेतू चांगला म्हणजे सगळं माफ, असंही नाही बरं का. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातल्या एका प्रकरणाचं नावच ‘मोठा होण्यासाठी चोरी’. पुस्तकासाठी श्याम पैसे चोरतो. हेतू वाचनाचा, तरी चोरी ती चोरीच. त्याच पुस्तकात ‘अळणी भाजी’ही आहे. आई मीठ घालायला विसरते आणि वडील अवाक्षर न काढता जेवतात, करणारीला वाईट वाटू नये म्हणून. माझ्या मते ही फार वरची पायरी. ती नुसत्या वयाने चढता येत नाही.

उलट आपण मोठी माणसंच खाली घसरतो. लोकलमध्ये पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला अर्धं तिकीट लागतं. कान्हे स्टेशनवर सहा वर्षांच्या नातवाला हळूच सांगितलं जातं, “टीसीने विचारलं तर चार सांग हं!” वाचतात पाच-दहा रुपये. पोरगं काय शिकतं? खोटं बोलणं वाईट नाही, सापडणं वाईट.

आता आपल्या आवारातलं. क्रिकेटला बंदी का, असं मुलं विचारतात. आपण म्हणतो, नियम आहे म्हणून. पियाजे मुलांचा गोट्यांचा खेळही बघत बसत. लहान मुलांना खेळाचे नियम देवाने केल्यासारखे वाटत. मोठी मुलं सगळ्यांच्या संमतीने ते बदलत. तेव्हा कमिटीला माझी विनंती आहे. क्रिकेटचे नियम मुलांनाच करू द्या. खेळ किती वाजेपर्यंत, पहिल्या मजल्यावरच्या आजी झोपल्या असतील तर काय, काच फुटली तर पैसे कोणी भरायचे, सगळं त्यांनीच ठरवून लिहावं. सेक्रेटरी साहेब, नोटीस बोर्डाची किल्ली तेवढी त्यांच्याकडे द्या.