बंद झालेली वकिलात : भारत आणि पोर्तुगाल



दोन राष्ट्रांमधील राजनैतिक संबंध तुटतात, तेव्हा नेमके काय घडते? सर्वसाधारण समजूत अशी की, ही राजधानीतील चार-दोन अधिकाऱ्यांपुरती बाब आहे : एक ध्वज उतरविला जातो, एका इमारतीला कुलूप लागते. ही समजूत किती अपुरी आहे, हे भारत आणि पोर्तुगाल यांच्या संबंधांच्या इतिहासावरून दिसून येते.

स्वतंत्र भारताने 1949 मध्ये पोर्तुगालशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले आणि लिस्बनमध्ये आपली वकिलात उघडली. गोवा, दमण, दीव आणि दादरा व नगर हवेली या प्रदेशांचा प्रश्न वाटाघाटींनी सुटावा, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. 1950 मध्ये भारताने तशी रीतसर सूचनाही केली. परंतु सालाझार यांच्या राजवटीने चर्चेलाच नकार दिला. एवढेच नव्हे, तर 1951 मध्ये राज्यघटनेत बदल करून पोर्तुगालने आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नवे नाव दिले. जो प्रदेश स्वतःच्याच देशाचा प्रांत, त्याविषयी परक्याशी बोलणी कशी करायची, असा हा युक्तिवाद होता. जिथे बोलण्यासारखे काही उरले नाही, तिथे वकिलात ठेवण्यात अर्थ नव्हता. जून 1953 मध्ये भारताने लिस्बनमधील वकिलात बंद केली. 1955 मध्ये पोर्तुगालला दिल्लीतील आपली वकिलात बंद करावी लागली.

त्यानंतर दोन्ही देश एकमेकांशी तिऱ्हाइतामार्फत बोलू लागले. भारतातील पोर्तुगीज हितसंबंध ब्राझीलकडे, तर पोर्तुगालमधील भारतीय हितसंबंध इजिप्तकडे सोपविण्यात आले. डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगालने दादरा व नगर हवेलीकडे जाण्याच्या वाटेचा तंटा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. एप्रिल 1960 च्या निकालात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता मार्गाधिकार न्यायालयाने मान्य केला; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नाकारला; आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असाही निर्णय दिला. पुढे डिसेंबर 1961 मध्ये लष्करी कारवाई होऊन गोवा मुक्त झाला.

परंतु प्रदेश मुक्त झाला म्हणून माणसेही मुक्त होतात असे नाही. गोव्याच्या लढ्यातील मराठी शिक्षक मोहन रानडे यांना 1955 मध्ये अटक होऊन 26 वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांना पुढे पोर्तुगालमधील तुरुंगात नेण्यात आले. गोव्यावर तिरंगा फडकल्यानंतरही सात वर्षे ते तेथेच होते. ज्या देशात आपला वकील नाही, त्या देशाच्या कारागृहात असलेल्या नागरिकाची चौकशी कोणी करायची? महाराष्ट्रात सुधीर फडके यांच्यासारख्या कलावंताने त्यांच्या सुटकेसाठी पुढाकार घेतला. अखेर जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. सरकारांमधील अबोल्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

25 एप्रिल 1974 रोजी पोर्तुगालमध्ये क्रांती होऊन हुकूमशाही कोसळली आणि नव्या राजवटीने वसाहतवादाचा मार्ग सोडला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, 31 डिसेंबर 1974 रोजी, नवी दिल्लीत उभय देशांचा तह झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी, तर भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्यावर सह्या केल्या.

या तहातील एक शब्दयोजना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पोर्तुगालने या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, ते तहाच्या तारखेपासून नव्हे. भारतीय राज्यघटनेनुसार ते प्रदेश ज्या दिवशी भारताचे भाग झाले, त्या दिवसापासून. मान्यता 1974 पासून धरली असती, तर त्याआधीच्या तेरा वर्षांतील गोव्याचा कारभार पोर्तुगालच्या दृष्टीने परकीय ताबाच ठरला असता. तारखेचा हा प्रश्न एका वाक्याने कायमचा मिटला. त्याच तहाने राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले, सांस्कृतिक संपर्क वाढविण्याचे ठरले आणि मालमत्तेचे दावे परस्पर वाटाघाटींनी सोडविण्याचे उभयतांनी मान्य केले.

तरीही तह झाला की सर्व हिशेब लगेच पुरे होतात असे नाही. गोवेकरांनी तेथील पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवलेले दागिने 1961 मध्ये मुक्तीपूर्वीच लिस्बनला हलविण्यात आले होते. ते 1991 मध्ये भारतात परत आले, तेव्हा तहाला सोळा वर्षे उलटून गेली होती. दागिने ठेवणाऱ्यांपैकी अनेकांची तोवर पुढची पिढी कर्ती झाली होती. पुढच्याच वर्षी, 26 जानेवारी 1992 रोजी, दिल्लीतील प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला प्रमुख पाहुणे म्हणून पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष उपस्थित होते. ते मारिओ सोआरेसच होते.