गळाला कोळंबी की जिग? आपल्या गढूळ पाण्याचा हिशेब

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

गेल्या काही भागांवर जे निरोप आले, त्यांत एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, आम्ही कोळंबी लावून गळ टाकतो. आता होडीने बाहेर जाणार आहोत, जिग घ्यायचेत. कुठले घेऊ?" आज त्यावरच बोलतो. पण मी उलटं विचारेन, टाकणार कुठल्या पाण्यात? कारण जपानच्या नाहीतर अंदमानच्या व्हिडिओत जे चालतं, ते वसईच्या समोर तसंच चालेल असं नाही.

मी जूचंद्रचा. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, वसई रोड ते दिवा लाईनवरचं, चंडिका देवीच्या डोंगराजवळचं आमचं गाव. बाहेरचे लोक रांगोळीमुळे ओळखतात. पण आसपास मिठागरं आहेत, खाडी आहे. त्यामुळे पोरगा सायकल शिकतो त्याच सुमारास गळ टाकायला शिकतो. बांधावर बसायचं, करंदी नाहीतर कोळंबीचा तुकडा लावायचा आणि वाट बघायची. पुढे पाचूबंदर, अर्नाळा इथून होडीने बाहेर जायला लागलो, तरी पद्धत तीच. आमिष, खाली शिसं, आणि वाट बघणं. गेली काही वर्षं मी बहुतेक वेळा जिग आणि ल्यूर वापरतो. ते पहिल्यांदा घरात आणले तेव्हा आमच्या काकांनी हातात घेऊन विचारलं, "म्हावरं काय लोखंड खातंय?"

प्रश्न बरोबर आहे. लोखंड नाही, आत बहुतेक वेळा शिसं असतं, पण प्रश्न बरोबर आहे. मासा ते खायला येत नाही, तो फसतो. कशाला फसतो, ते एका फिनलंडच्या मच्छीमाराने फार चांगलं ओळखलं होतं. लौरी रापाला त्याचं नाव. त्याने बघितलं की मोठा मासा छोट्या माशांच्या थव्यावर येतो तेव्हा तो नीट पोहणाऱ्यांना सोडतो आणि जो जरा डगमगत, लंगडत पोहतोय त्याला धरतो. मग 1936 साली त्याने बुचाच्या लाकडापासून एक मासा कोरला, वर चॉकलेटची चंदेरी वर्की लावली, फोटोच्या निगेटिव्हची फिल्म वितळवून त्याचा लेप दिला. तो पाण्यात लंगडत चालायचा. आज दुकानात त्याच्या नावाचे ल्यूर मिळतात, त्यांचं मूळ हे.

आणि हे आपल्याकडे अगदीच परकं आहे असंही समजू नका. लक्षद्वीपला कुपा मासा काठीने पकडतात. जिवंत बारीक मासे पाण्यात फेकतात, वरून पाणी उडवतात, कुपे चवताळतात, आणि मग जो गळ टाकतात त्याला आमिष नसतं. नुसता चमकणारा, उलटा काटा नसलेला गळ. मासा चमकीवर तोंड टाकतो.

आता मुद्द्यावर येतो. आमिष वासाने काम करतं. जिग काम करतो डोळ्याने आणि हालचालीने. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातला थरथराट कळतो. म्हणजे जिगला दोनच रस्ते, मासा बघेल किंवा त्याला थरथर जाणवेल. आमिष तळाला पडून राहिलं तरी वास सोडत राहतं. जिग पडून राहिला तर तो दगड आहे.

मग आपलं पाणी बघा. उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, गाळ घेऊन येते. किनारा चिखलाचा. भरती-ओहोटीचा जोर मोठा. उधाणाला आपल्या बाजूला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि उतरताना सगळा तळ ढवळून काढतं. त्या पाण्यात हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत, जिग काय दिसणार? मालवणच्या खडपांवर पाणी निवळ असतं, तिथले व्हिडिओ बघून इथे चांदीसारखा जिग टाकाल तर दिवसभर दंड दुखतील, हाती काही नाही.

मग करायचं काय? आपल्या जुन्या माणसांकडे याचं उत्तर आहे, फक्त त्यांनी ते जिगसाठी काढलेलं नव्हतं. उधाण टाळा, भांग धरा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. अष्टमी, नवमी, दशमी हे भांगाचे. भांगाला पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ कमी, गाळ खाली बसतो, पाणी त्यातल्या त्यात निवळतं. वेळ काढायची रीतही घरातलीच आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. जाळी मारणारा तांडेल भांगाला म्हणेल, आज पाण्याला जोर नाही. तुमच्यासाठी तोच दिवस कामाचा. रविवार बघून होडी ठरवू नका, तिथी बघून ठरवा. रविवारी भांग आला तर उत्तम.

दुसरी गोष्ट खोलीची. मुंबईसमोर समुद्राचा तळ फार हळूहळू उतरतो, ही उथळ पट्टी सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, आणि तिथेही पाणी साधारण 75 मीटरच. आपण छोट्या होडीने जिथे जातो तिथे खोली वीस-पंचवीस मीटरच्या आसपास. म्हणून 300-400 ग्रॅमचे जिग घेऊन बसू नका. मोटा हिशेब असा, मीटरमागे तीन ग्रॅम. वीस मीटरला साठ. ओढ असेल तर ऐंशी-शंभर. जिग सरळ खाली गेला पाहिजे आणि तळाला टेकल्याचं हाताला कळलं पाहिजे. दोरी तिरकी तिरकी जायला लागली की वजन वाढवा नाहीतर जागा बदला. आणि जाता जाता, तेलाच्या फलाटांजवळ मासे असतात हे खरं, पण त्यांच्याभोवती 500 मीटरच्या आत जायला बंदी आहे. तो मोह नको.

दोरी. आमिषाला नायलॉन चालते, ती ताणली जाते. जिगला विणलेली बारीक दोरी हवी, म्हणजे ब्रेड. ती ताणत नाही, म्हणून वर मनगट हललं की खाली जिग हलतो. तिच्या पुढे दोन-एक मीटर जाड नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन, खडपाला घासून तुटू नये म्हणून. सुरमई अपेक्षित असेल तर टोकाला वीतभर तार, तिचे दात दोरी कात्रीसारखी कापतात.

जिगचा गळ खाली नसतो, वर असतो, छोट्या मजबूत दोरीला बांधलेला. त्याला असिस्ट म्हणतात. कारण शिकारी मासा बहुतेक वेळा डोक्याकडून धरतो. आणि गळ दोरीला मोकळा असल्यामुळे मासा डोकं झटकतो तेव्हा जिगचं वजन वापरून त्याला गळ काढता येत नाही.

आता हलवायचं कसं. नवीन माणूस येड्यासारखा ओढत राहतो. दहा मिनिटांत दमतो. एक झटका, अर्धा फेरा रीळ, आणि थांबा. जिगला आडवा होऊन पडू द्या. मासा बहुतेक पडतानाच लागतो, म्हणून पडताना दोरी अगदी ढिली सोडू नका.

पाणी गढूळच असेल आणि जायचंच असेल, तर धातूचा जिग पेटीत ठेवा. रबरी मासा घ्या, जाड शेपटीचा, जिगहेडवर लावलेला. त्याची शेपटी पाण्यात धपधप करते, ती थरथर माशाला कळते. रंग गडद किंवा एकदम पोपटी-पिवळा. तळाजवळून हळू आणा. खाडीच्या तोंडाला जिताडा आणि रावस असाच लागतो. आणि निवळ पाण्यात, थंडीच्या महिन्यांत, सुरमईसाठी होडीमागे बुडी मारणारा ल्यूर ओढत नेणं, ट्रोलिंग, ते वेगळंच काम आहे. त्यावर एक भाग करू.

तर कोळंबी सोडायची का? माझं उत्तर, पूर्ण नाही. रात्री वाम पाहिजे, तर आमिषच. शिंगाळा, पाकट, मुशी हे वासावर येणारे. तुम्हाला घरी कालवणाला काहीतरी नक्की न्यायचं असेल आणि पाणी गढूळ असेल, तर कोळंबीचा वाटा घ्या आणि निवांत बसा. जिगने तुम्ही यादी लहान करता. सुरमई, कुपा, तांब, हेकरू, असे शिकार करणारे मासे. लागतील कमी, पण काय लागावं यात तुमचा हात असतो.

खर्चाचंही बोलूया. बरा जिग चार-पाचशेला पडतो. खडपात अडकला की गेला. एका दिवसात तीन गेले तर त्यात किती कोळंबी आली असती ते घरचे बरोबर मोजून दाखवतात. म्हणून खडपावर जिग तळाला टेकला की लगेच उचला, तिथे रेंगाळू देऊ नका. तुटलेला जिग म्हणजे तळाला गेलेलं शिसं, हेही लक्षात ठेवा.

मग मी जिगकडे का वळलो? मुख्य कारण लहान मासा. आमिष मासा गिळतो. गळ पोटात जातो. वर आणल्यावर कळतं की हे पिल्लू आहे, पण तोवर उशीर झालेला असतो. जिग बहुतेक वेळा ओठाला लागतो, पक्कडीने गळ काढता येतो, मासा परत सोडता येतो. राज्य सरकारने 2023 साली 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. तो नियम व्यापारी मासेमारीला डोळ्यांसमोर ठेवून आला असेल, पण हौशी माणसाला तो पाळायला तर जास्त सोपं. त्याच्यावर कर्ज नाही, डिझेलचं बिल नाही. मात्र एक सांगतो. खोलातून भर्रकन वर ओढलेल्या माशाचं पोट फुगतं, तो सोडला तरी पाण्यावर उलटा तरंगतो. तेव्हा एकाच जागी पिल्लंच लागायला लागली, तर सोडत बसण्यापेक्षा जागा सोडा.

आणि 1 जूनपासूनच्या बंदीत होडी काढायचा आग्रह कुणाला करू नका. तो काळ माशांचा आहे, आणि समुद्र तेव्हा चेष्टा ऐकत नाही.

शेवटचं. होडी घ्याल तेव्हा तांडेलाला नुसता चालक समजू नका. मोबाईलवरचा ठिपका दाखवून "इथे न्या" म्हणणारी पोरं मी बघतो. त्यापेक्षा विचारा, खडप कुठे, चिखल कुठे, या तिथीला ओढ कुठल्या अंगाला. पन्नास हजारांची रॉड आणि रीळ असली तरी ती माहिती त्या डब्यात मिळत नाही. जीवरक्षक जाकीट अंगात घाला, बाकावर नको. जिग फिरवताना मागे कोण उभा आहे ते बघा, त्याला दोन-दोन गळ असतात.

पुढच्या वेळी गाठी. ब्रेड आणि नायलॉन एकमेकांना कसे बांधायचे, जेणेकरून मोठा मासा नेमका तिथेच सुटणार नाही. तोवर येणारी अष्टमी कधी आहे तेवढं कॅलेंडरात बघून ठेवा.