चिंचोक्यांचें गणित
(परळ येथील पालकांच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



“मास्तर, पोर शाळेंत चिंचोके खेळतें, शिकतें कधीं?” असें आमच्या गांवीं विचारतात, येथेंही विचारतात. दहा चिंचोक्यांचा एक ढीग आणि तीन सुटे, म्हणजे तेरा. हें ज्याला हातानें कळलें तें पोर पुढें हातच्याला अडत नाहीं. पहिलींतच आंकड्यांची भीति बसली, तर दुकानदाराची वही त्याला जन्मभर दुसऱ्यानें वाचून दाखवावी लागेल.

ताराबाई मोडकांनीं १९३६ सालीं येथेंच दादरला शिशुविहार काढला. पुढें १९४५ पासून बोर्डीस गरिबांचीं मुलें त्यांनीं शिंपले, बिया, पानें देऊन शिकविलीं. महागडीं साधनें तेथें कोणास परवडणार?

सुतारानें फळी मोजतांना पट्टीचें एक टोंक पोराच्या हातीं द्यावें. उद्यां मूठभर चिंचोके पाठवा. भाजलेले मात्र नकोत, तीं खाऊन टाकतात.