पत्र्याखालचं पिंप

धाब्याच्या घराचं पाणी गढूळ उतरतं, म्हणून आम्ही पिंप पत्र्याच्या पन्हळीखाली ठेवतो. 10 बाय 20 फुटांच्या पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस झाला, की 200 लिटरचं पिंप जवळजवळ भरतं. तेवढ्याच हंड्यांच्या खेपा वाचतात. फवारणीच्या औषधाचं जुनं पिंप मात्र फुकट मिळालं तरी नको. पहिल्या पावसाचं पाणी वाहू द्यायचं. त्यात धूळ, पाखरांची घाण असते. तोंडाला सुती कापड घट्ट बांधायचं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि त्याची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यात पाणी वापरून संपवायचं, मग काथ्याने आतून घासायचं. कंटाळा येतोच, म्हणून गटात आम्ही शुक्रवार ठरवलाय. हे पाणी भांड्यांना, धुण्याला, पिण्याला नाही.