दुभाष्याची बांधणी



माझें आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलें. निवृत्तीनंतर नातवापाशीं संगणकाचीं मुळाक्षरें गिरविलीं, एवढाच माझा अधिकार. तरीहि आज त्याच शास्त्रांतील एका घरगुती प्रश्नाविषयीं चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें.

माणसाला सोयीच्या भाषेंत लिहिलेल्या आज्ञा वाचून त्या यंत्राकडून करवून घेणारा एक मध्यस्थ असतो. त्याला इंटरप्रीटर, म्हणजे दुभाष्या, म्हणतात. पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनीं अ‍ॅमस्टरडॅम येथें १९८९ च्या अखेरीस रचावयास घेतली व १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तिचा प्रचलित दुभाष्या सी या भाषेंत लिहिलेला असून त्याचा मूळ मजकूर कोणासहि मोफत मिळतो. परंतु त्या मजकुराचे अनेक तुकडे यंत्रभाषेंत उतरवून एकत्र जोडल्याखेरीज दुभाष्या बोलूं लागत नाहीं. या कामाला आपण बांधणी म्हणूं.

बांधणीवर देखरेख करणारा मेक नांवाचा एक कारकून आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनीं तो १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत तयार केला. कोणती वस्तु कशापासून होते याची यादी त्याला मेकफाईलमध्यें लिहून द्यावयाची. तयार वस्तूपेक्षां तिचा कच्चा माल नवा दिसला, तर तो तेवढीच वस्तु पुन्हां करतो. बाकीच्यांना हात लावीत नाहीं.

पायथनच्या आरंभींच्या बांधणींत प्रत्येक कप्प्याची मेकफाईल निराळी होती. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत असेंच होई. चार समित्या, चार याद्या. प्रत्येकीचें काम चोख, पण पडदा कोणीं आणावयाचा हें कोणाच्याच यादींत नसे. शिवाय जादा विभाग हवे असल्यास बांधणाऱ्यानें एका फाईलींत स्वहस्तें दुरुस्ती करावी लागे. एप्रिल २००१ मध्यें निघालेल्या २.१ या आवृत्तींत दोन सुधारणा झाल्या. सर्व कप्प्यांची मिळून एकच मेकफाईल झाली. आणि कोणते जादा विभाग बांधतां येतील हें शोधण्याचें काम पायथनमध्येंच लिहिलेल्या सेटअप नांवाच्या आज्ञापत्राकडे गेलें.

पहिली सुधारणा निर्भेळ चांगली ठरली. दुसरींत मात्र एक मेख होती. नुकताच जन्मलेला दुभाष्याच आपले उरलेले अवयव बांधूं लागला. त्याच यंत्रावर तें चालून जाई. पण दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठीं बांधणी करावयाची, तर नवजात दुभाष्या या यंत्रावर बोलणार कसा? पुढें ज्या साधनपेटीवर हें आज्ञापत्र उभें होतें, तीच भाषेंतून काढून टाकण्याचें ठरलें. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्यें आलेल्या ३.१२ या आवृत्तींत सेटअपला रजा मिळाली. शोध घेण्याचें काम आरंभींच्या कॉन्फिगर या पायरीकडे आणि बांधण्याचें काम मेककडे आलें. परक्या यंत्रासाठीं बांधतांना मदतीला एक तयार पायथन आजहि लागतो. तरी कृति आतां दोन ठिकाणीं विभागलेली नाहीं.

याचें महत्त्व मला एका संध्याकाळीं कळलें. आमच्या पेठेंतील मोफत वाचनालयाची नोंदवही एका होतकरू तरुणानें पायथनमध्यें लिहिली व तो नोकरीसाठीं परगांवीं गेला. जुना संगणक बिघडला. दुसऱ्या संगणकावर मीं दुभाष्या स्वतः बांधला. बांधणी निर्विघ्न पार पडली. पण वही कांहीं केल्या उघडेना. सतरा वर्षांच्या नोंदी गेल्या, असें वाटून माझे हातपाय गळाले. रात्रीं नातवानें बांधणीचा शेवटचा मजकूर मला मोठ्यानें वाचावयास लाविलें. त्यांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, आवश्यक साहित्य न सांपडल्यामुळें अमुक विभाग बांधले नाहींत. आणि त्या यादींत वहीला लागणारा एसक्यूलाइट हा विभाग होता. त्याचें साहित्य आणून पुन्हां बांधणी केली, तों वही उघडली. नोंदी जागच्या जागींच होत्या. जन्मभर मुलांना “प्रश्न शेवटपर्यंत वाचा” म्हणून बजावणारा मी, उत्तर शेवटपर्यंत वाचावयास चुकलों होतों!

यावरून मला एवढेंच सुचतें. बांधणीच्या आज्ञा तीन असोत वा तेरा, काय मिळालें, काय राहिलें आणि कां राहिलें, हें जी बांधणी एके ठिकाणीं, साध्या शब्दांत सांगते, ती खरी सोपी. कारण कर्ता परगांवीं गेला, तरी त्याचें काम मागें राहिलेल्या साध्यासुध्या माणसाच्या हातीं चालूं राहिलें पाहिजे. वाचनालय आजहि रोज सायंकाळीं उघडतें, आणि बांधणीची कृति आतां कपाटाच्या दारावर आंतून चिकटविलेली आहे.